रतीब बंद करायचा राहिला

"मी त फक्त काढलं, काका!"

पुतणीच्या हातात नखाएवढा वायफाय अडॅप्टर आणि टेबलावर मेलेला कम्प्युटर. मेलेला म्हणजे काय, तर कोपऱ्यातलं घड्याळ 4 वाजून 17 मिनिटांवर थांबलेलं, माउसचा बाण जागचा हलेना, आईसाठी लावलेल्या अभंगातलं एकच अक्षर 'ठ्ठ्ठ्ठ' करत अडकून बसलेलं आणि कीबोर्डवर कॅप्स लॉकचा दिवा आपला लुकलुकतोय. आत पंखा मात्र शांतपणे फिरत होता. आई पलंगावरून म्हणाली, "अरे, त्याले बंद करा आधी, कानात घुसून राह्यलं."

बटण दाबून धरलं आणि बंद केला. त्या एप्रिलमध्ये हे पाचव्यांदा की सहाव्यांदा होत होतं.

आमचं घर नागपूरच्या महाल भागात. जुनं. भिंती दीड-दीड फूट जाडीच्या, बाहेर पंचेचाळीस अंश असलं तरी आत बरं वाटावं अशा. पण ज्या भिंती ऊन अडवतात त्या वायफायही अडवतात. राउटर खाली, भावाच्या बैठकीत. मागच्या खोलीत बाबांचा जुना डेस्कटॉप, त्याला वायफाय असं नाहीच, म्हणून बर्डीच्या बाजारातून हा अडॅप्टर आणलेला. पुतणीच्या लॅपटॉपचं आतलं वायफाय कार्ड गेलेलं. ती दहावीला. त्यामुळे एक अडॅप्टर, दोन मशीनं. सकाळी आईचे अभंग आणि माझी कामं, दुपारी तिचे क्लासचे व्हिडिओ. ती यायची, ओढून काढायची, घेऊन जायची. लॅपटॉपवर विंडोज होतं, तिथून काढला तर काही होत नसे. बाबांच्या मशीनवर लिनक्स. तिथून काढला की बहुतेक वेळा हे असं.

मी एका इंजिनिअरिंग कॉलेजात लॅब असिस्टंट आहे. चाळीस लिनक्स मशीनं रोज सांभाळतो. त्यामुळे घरच्या मशीनचं दुखणं आपल्याला कळू नये, ही गोष्ट मला जरा लागली. भाऊ तर सरळ म्हणाला, "तू कॉलेजात काय करून राह्यला बे मंग?"

पहिला संशय अर्थातच विजेवर. नागपुरात उन्हाळ्यात काहीही बिघडलं तरी आधी विजेला बोल लावायचा, हा रिवाजच आहे. गल्लीतले सगळे कूलर एकदम सुरू झाले की आमच्याकडे ट्यूबलाइट डोळे मिचकावते. एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा आतला डबा, बदलला. मागचे पोर्ट वापरून पाहिले, पुढचे पाहिले, वेगळी वीज घेणारा यूएसबी हब मधे लावून पाहिला. यूएसबी 2.0 चं पोर्ट 500 मिलिअँपिअर देतं आणि एवढासा अडॅप्टर त्यात सहज बसतो, हे माहीत असूनही. तीन रविवार गेले. मशीन मरायचं ते मरतच होतं.

मग शहाण्यासारखं नोंदी वाचायला बसलो. लिनक्समध्ये जर्नलसीटीएल नावाच्या आदेशाला 'वजा एक' सांगितलं की तो मागच्या जन्माची वही उघडतो, म्हणजे याआधी मशीन सुरू झालं तेव्हापासून बंद पडेपर्यंतची. मी उघडली. शेवटची ओळ 4 वाजून 16 मिनिटांची, कुठल्या तरी छापण्याच्या सेवेबद्दलची. मृत्यूबद्दल एक अक्षर नाही. आणि नसणारच. वही लिहिणारा कारकून हाही एक प्रोग्रामच. कर्नलनं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यानं, 'पॅनिक' म्हटलं की सगळ्यांचेच हात जागच्या जागी थांबतात, कारकुनाचेही. आपल्या मरणाची नोंद आपल्याच वहीत सापडत नाही.

लुकलुकणाऱ्या दिव्याचा अर्थ मात्र मला ठाऊक होता. कर्नल पॅनिक झालं की स्क्रीन काही दाखवू शकेलच असं नाही, म्हणून ते कीबोर्डचे दिवे मिचकावतं. हेही फक्त गोल पिनेच्या जुन्या पीएस-टू कीबोर्डवर. यूएसबी कीबोर्ड असता तर एवढंही कळलं नसतं. बाबांनी तो जाडजूड कीबोर्ड शेवटपर्यंत बदलू दिला नव्हता. "चालू आहे ना? मग?" त्यांच्या कंजूषपणावर मी पुष्कळ बोललोय. त्या दिवशी थोडं मागे घेतलं.

वहीत नाही तर मरतानाचे शब्द दुसऱ्या कुणाच्या कानात पडले पाहिजेत. त्यासाठी लिनक्समध्ये नेटकन्सोल नावाची सोय आहे. कर्नल आपला प्रत्येक संदेश डिस्कवर लिहिण्याची वाट न बघता सरळ नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनकडे फेकतं, पोचला की नाही हेही विचारत नाही. पण त्याला तारेचं नेटवर्क लागतं. ज्या वायफायचा जीव जाणार, त्याच्याच हाती निरोप देऊन कसं चालेल? कॉलेजातून लॅपटॉप आणला, माळ्यावरची पिवळी लॅन केबल शोधली, दोन्ही मशीनं एकमेकांना जोडली, लॅपटॉपवर 6666 नंबरचा पोर्ट (हा तारेचा नव्हे, नेटवर्कवरचं एक दार) ऐकत ठेवला आणि पुतणीला हाक मारली.

"काढ."

"काका, मुद्दाम बंद पाडून राह्यले तुम्ही?"

"काढ न बेटा."

तिनं काढला. 'ठ्ठ्ठ्ठ.' दिवा लुकलुकला. आणि लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर एकापाठोपाठ चाळीसेक ओळी धडाधड उतरल्या. मला लाज वाटते सांगायला, पण मी टाळी वाजवली. आईनं विचारलं, "झालं का दुरुस्त?" म्हटलं, "नाही, पण कसं मेलं ते कळलं." ती म्हणाली, "त्यानं काय होते?"

तिचा प्रश्न बरोबर होता. पण मला फार काही झालं होतं.

शेवटची ओळ होती 'फेटल एक्सेप्शन इन इंटरप्ट'. इंटरप्ट म्हणजे हातातलं काम थांबवून आधी उरकायचं तातडीचं काम; जीवघेणी चूक तिथेच झाली होती. तिच्या वर कॉल ट्रेस, म्हणजे कोणी कोणाला बोलावलं त्याची साखळी, आणि त्या साखळीत त्या अडॅप्टरच्या ड्रायव्हरचंच, म्हणजे वस्तू आणि कर्नल यांच्यातल्या दुभाष्याचंच, एक फंक्शन. टायमरचं. दर काही सेकंदांनी उठून सिग्नल कसा आहे, ठीक चाललंय ना, हे बघणारं.

आणखी एक शब्द होता, 'टेंटेड', आणि पुढे ओ आणि ई ही अक्षरं. टेंटेड म्हणजे विटाळलेलं. कर्नलवाल्यांचंही सोवळं-ओवळं असतं, हे विद्यार्थ्यांना सांगितलं की वर्ग हसतो. बाहेरून आणलेला, मूळ झाडात म्हणजे कर्नलच्या अधिकृत सोर्समध्ये नसलेला ड्रायव्हर चढवला की कर्नल स्वतःवर 'ओ'चा शिक्का मारून घेतं. ई म्हणजे त्यावर सहीसुद्धा नाही. माझ्या अडॅप्टरचा ड्रायव्हर तसाच होता. चिप बनवणाऱ्यांनी कधीतरी लिहून सोडून दिलेला, नंतर कुणी कुणी ठिगळं लावून जिवंत ठेवलेला. कर्नलची नवी आवृत्ती आली की डीकेएमएस नावाचा प्रोग्राम तो परत बांधून द्यायचा. कधी बांधला जायचा, कधी नाही.

आता इथे ड्रायव्हर म्हणजे काय ते थोडं सांगतो, कारण मला खरं सांगायचंय ते इथेच आहे.

यूएसबी ड्रायव्हरची दोन मुख्य कामं. वस्तू आली की 'प्रोब' आणि वस्तू गेली की 'डिस्कनेक्ट'. प्रोबमध्ये पाहुण्याचं स्वागत. त्याला मेमरीत जागा द्यायची, नाव द्यायचं (डब्ल्यूएलएक्स आणि पुढे त्याचा बारा आकडी-अक्षरी पत्ता, असलं लांबलचक नाव), टायमर लावून द्यायचे, कामाच्या रांगा उघडून द्यायच्या. डिस्कनेक्टमध्ये हे सगळं उलट्या क्रमानं आवरायचं. मी त्या ड्रायव्हरचं सोर्स उघडलं. प्रोबचा भाग कसा तर लग्नपत्रिकेसारखा, प्रत्येक नातेवाइकाचं नाव आठवणीनं घातलेलं. आणि डिस्कनेक्ट म्हणजे मांडव उतरवणाऱ्यांनी रात्री दोन वाजता जे केलं असेल ते. जागा मोकळी केली होती. टायमर थांबवायचा राहिला होता.

म्हणजे असं. भाड्याचं घर सोडलंत, सामान हलवलं, किल्ली मालकाला दिली. पण दुधाचा रतीब बंद करायचा राहिला. पहाटे पाच वाजता दूधवाला अंधारात सवयीनं येतो, दारामागे हात घालून पातेलं असायचं तिथे दूध ओततो. तिथे आता दुसऱ्याच कुणाचं अंथरूण. टायमर तसाच उठायचा आणि जी मेमरी परत दिलेली आहे तिच्यात हात घालायचा. हे एखाद्या साध्या प्रोग्रामच्या वतीनं चाललेल्या कामात घडलं असतं, तर कर्नलनं बहुधा तेवढ्याला मारून गाडी पुढे रेटली असती. पण टायमर चालतो इंटरप्टच्या घाईत. तिथे मारायला कोणी वेगळा सापडत नाही. मग सगळंच थांबतं.

माझा अंदाज खरा की नाही, हे बघायची एक फार सुंदर युक्ती कर्नलमध्ये आहे. सुरू होतानाच त्याला सांगून ठेवता येतं की मोकळी केलेली प्रत्येक जागा एका ठरावीक खुणेनं भरून टाक. ती खूण म्हणजे 6बी हा आकडा. रिकाम्या घराला आतून चुना फासून ठेवावा तसं. पुढे कोणी चोरपावलांनी आत शिरला, तर त्याच्या हाताला चुना लागलेला दिसेल. मी तसं करून पुन्हा अडॅप्टर काढायला लावला. लॅपटॉपवर पत्ता उमटला 6बी6बी6बी6बी, असाच लांबच लांब. हात पांढरे सापडले.

दुरुस्ती चार ओळींची. डिस्कनेक्टमध्ये जागा मोकळी करण्याआधी टायमर रद्द करायचा. पण नुसता रद्द करून भागत नाही. त्याच क्षणी दुसऱ्या प्रोसेसरवर तो चालू असेल तर? म्हणून त्या फंक्शनच्या नावात शेवटी 'सिंक' असतं. उद्यापासून येऊ नको असं सांगायचं, आणि आजचा निघालेला दूधवाला परत जाईपर्यंत दारात उभं राहायचं. मग किल्ली द्यायची.

यूएसबीच्या तारा-पिना ज्यांनी ठरवल्या त्यांना हे समजत होतं, याचं मला कौतुक आहे. यूएसबीचं पहिलं मानक 1996 चं. त्या चपट्या प्लगमध्ये डोकावून बघा, चार सोनेरी पट्ट्या दिसतील. कडेच्या दोन विजेच्या, मधल्या दोन माहितीच्या. कडेच्या सुमारे एक मिलिमीटरनं लांब आहेत. त्यामुळे प्लग आत जाताना आधी वीज जोडली जाते आणि मग बोलणं सुरू होतं. बाहेर येताना आधी बोलणं तुटतं, मग वीज. कोणीतरी बसून जाण्याचा क्रम ठरवला आणि धातूत कापला. पुढे सॉफ्टवेअरवाल्यांनी त्या एका मिलिमीटरची लाज राखली नाही. अर्थात येणंही काही सोपं नसतं. 1998 च्या एप्रिलमध्ये बिल गेट्स यांच्यासमोर, भर मंचावर, विंडोज 98 ला स्कॅनर जोडून दाखवताना निळा पडदा आला होता. पण ते जोडताना. जोडताना पडलं तर सगळं जग बघतं आणि दुरुस्त होतं. काढताना पडलेल्याला 'मग काढू नका ना' एवढंच उत्तर मिळतं.

चार ओळी घातल्या, ड्रायव्हर बांधला. दिवा लुकलुकणं बंद झालं. मी भावाला चहाला बोलावून दाखवलं. काढ, घाल, काढ, घाल. आठव्या की नवव्या वेळी अडॅप्टर काढला आणि मशीन मेलं नाही, पण...

हा दुसरा प्रकार पहिल्यापेक्षा वाईट. अभंग चालू, बाण हलतो, सगळं जिवंत. फक्त नवा पेनड्राइव्ह लावला तर ओळख नाही. बंद करायला सांगितलं तर बंद होत नाही. आणि दर दहा सेकंदांनी एक ओळ उमटते: 'अनरजिस्टर नेटडिव्हाइस, वेटिंग फॉर' अमुकतमुक 'टु बिकम फ्री, युसेज काउंट = 1.'

गेलेल्या अडॅप्टरचं नाव पटावरून काढायचंय, पण कोणीतरी एकानं त्याला अजून धरून ठेवलंय. कोणी, ते सांगत नाही. फक्त एक. तो सोडेपर्यंत कर्नल थांबणार. यूएसबीवर पहारा देणारा धागाच (थ्रेड, म्हणजे कर्नलच्या आतला एक कामकरी) त्या वाट बघण्यात अडकलेला, म्हणून नवं कोणी आलं तरी दार उघडायला माणूस नाही. त्या धाग्याला किल नऊचा, म्हणजे जबरदस्तीनं मारण्याचा, हुकूम दिला तरी तो ऐकत नाही. तिथे यमाचंही चालत नाही. दहा सेकंद झाले की परत तीच ओळ.

मी ती ओळ बघत बसलो. रात्रीचे अकरा वाजले होते, कूलर घरघरत होता, ओल्या वाळ्याचा वास येत होता. आणि मला रामटेक आठवलं.

बाबांचा दहावा आम्ही अंबाळ्यावर केला होता. तलावाच्या काठावर पिंड ठेवलेला, आम्ही सगळे मागे सरकून उभे. कावळे होते, झाडावर पाच-सहा तरी. शिवेनात. भाऊ पुढे होऊन म्हणाला, आईला मी बघीन. नाही. मी म्हटलं, कर्जाची काळजी नको. नाही. आत्यानं कुठल्याशा जुन्या भांडणाची माफी मागितली, आम्हाला कोणाला ते भांडण माहीतही नव्हतं. नाही. ऊन चढत होतं. कावळे इकडे बघून तिकडे बघत होते. आपल्यातलं कोणी काय धरून बसलंय, हे जो तो मनात शोधत होता. शेवटी गुरुजींनी घड्याळ बघितलं, दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला शिववला. सगळे निघालो. गाडीत कोणीच बोललं नाही, मनसरपर्यंत.

कर्नलमध्ये दर्भाचा कावळा नाही. त्याला कंटाळा येत नाही, त्याची पुढची कामं खोळंबलेली नसतात. ते मोजलेल्या दहा सेकंदांनी विचारत राहतं. मशीन तसं लटकलं की मी ऑल्ट आणि प्रिंटस्क्रीन धरून एस, यू, बी दाबायचो. डिस्कवर लिहून घे, डिस्क फक्त वाचण्यापुरती ठेव, परत सुरू हो. उबुंटूमध्ये, म्हणजे आमच्या मशीनवरच्या लिनक्समध्ये, या तीन अक्षरांपुरती परवानगी आधीपासून असते. तोच काय तो दर्भ.

तो एक कोण, हे मला शेवटपर्यंत सापडलं नाही. ड्रायव्हरच्या कुठल्या तरी आडवाटेवर मोजणी वाढवली जाते आणि परत कमी होत नाही, इतपत पोचलो. त्यापुढे माझी समज संपली. खोटं कशाला सांगू.

मग मी गावठी इलाज केला. काढण्याआधी रीतसर निरोप. आधी नेटवर्क मॅनेजरला सांगायचं की हे कनेक्शन सोड. मग मॉडप्रोबला वजा आर देऊन ड्रायव्हरच उतरवायचा. वस्तू जागेवर असताना ड्रायव्हर उतरवला की तो निवांत आवरतो, त्याचे सगळे हिशेब जुळतात. मग ओढायचं. हे सगळं एका छोट्या स्क्रिप्टमध्ये बांधून तिचं चित्र पडद्यावर ठेवलं. नाव दिलं 'येतो'. पुतणीनं विचारलं, "'काढा' नाव द्या ना, 'येतो' काय?" तिला म्हटलं, जाताना जातो म्हणत नाहीत. ती "बरं" म्हणाली, त्या वयाची मुलं म्हणतात तसं. पण दाबायची.

बाबा घराबाहेर पडताना न चुकता 'येतो' म्हणायचे, भाजीला गेले तरी. पेनड्राइव्ह काढायचा तर 'आता काढू शकता' अशी पाटी येईपर्यंत हात मागे बांधून उभे राहायचे. गेले ते झोपेत. सकाळी आई चहा घेऊन गेली तेव्हा कळलं.

पुढच्या वर्षी मी मशीनवर नवं उबुंटू चढवलं. 2023 मध्ये आलेल्या 6.2 या कर्नलपासून माझ्या चिपच्या घराण्याचा यूएसबी ड्रायव्हर मूळ झाडातच आला होता, चारचौघांनी तपासून घेतलेला. बाहेरचा काढून टाकला, ओ-ई पुसले गेले. आता सरळ ओढला तरी काही होत नाही. मी पन्नास वेळा ओढून पाहिला. भाऊ म्हणाला, "फेकून दे न बे तो अडॅप्टर आता, नवा घे. मारबतीत टाकून दे. ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" पुतणीला सवय लागली आहे. ती अजून 'येतो' दाबते. स्क्रिप्ट जुन्या ड्रायव्हरला शोधते, तो सापडत नाही, म्हणून नुसती एक चूक छापते. तिला ते दिसतही नाही.

परवा विजेचं बिल आलं. बाबांच्या नावानं. गॅसही त्यांच्याच नावानं आहे. बँकेचा ओटीपी त्यांच्या मोबाइलवर येतो, म्हणून तो मोबाइल आई रोज रात्री चार्जिंगला लावते आणि महिना संपला की मला रिचार्जची आठवण करते. मी मागेच नाव बदलायचे अर्ज आणून ठेवलेत. टीव्हीच्या खालच्या खणात आहेत. परवा पुन्हा काढले, म्हटलं, सही करून टाक, मी नेऊन देतो.

आईनं चष्मा लावून बिलावरचं नाव वाचलं, रक्कम वाचली, बिलाची घडी घातली.

"राहू दे ना रे," ती म्हणाली. "बिल त येऊन राह्यलं ना वेळेवर."